कॉर्व्हेट मोटारीतील इलेक्ट्रॉनिक धक्काशोषकांची बदली

शेव्हरले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या चौथ्या पिढीपासून पुढच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे धक्काशोषक बसवलेले असत. अशा धक्काशोषकांचा कडकपणा गाडी चालू असताना बदलता येतो. कधी चालक खटका फिरवून तो निवडतो, तर कधी गाडीतील संगणक स्वतःच तो ठरवतो. १९८९ ते २००४ या काळातील या गाड्या आता जुन्या झाल्या असून त्यांचे मूळ धक्काशोषक झिजले आहेत आणि त्यांपैकी काही प्रकार नवे मिळणे दुर्मीळ झाले आहे. साध्या गाडीत झिजलेला धक्काशोषक काढून नवा बसवला की काम संपते. येथे मात्र काढलेल्या धक्काशोषकाशी तारेने जोडलेला नियंत्रक मागे उरतो आणि त्याला अपेक्षित विद्युत-प्रतिसाद न मिळाल्यास तो डॅशबोर्डवर इशारा देतो. पाचव्या पिढीत तर तो गाडीच्या वेगावरही मर्यादा आणू शकतो. म्हणून या गाड्यांत धक्काशोषकांची बदली हे पाना-हातोडीचे जितके काम आहे, तितकेच ते विद्युत-मंडलाचे काम आहे.

संज्ञा

'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'धक्काशोषक' हा शब्द रूढ आहे; महाराष्ट्रातील गॅरेजांत 'शॉकअप' असे म्हटले जाते. काटेकोर अर्थाने हे सर्वच शब्द थोडी दिशाभूल करतात. रस्त्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. धक्का झेलल्यानंतर ती झोपाळ्यासारखी झुलत राहू नये म्हणून तिचे आंदोलन शमवणे, हे धक्काशोषकाचे खरे काम होय. ब्रिटिश इंग्रजीतील 'डॅम्पर' हा शब्द या दृष्टीने अधिक नेमका आहे. मराठीत त्यासाठी 'शमक' हा शब्द शोभला असता, परंतु तो प्रचारात नाही. चाके व गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या एकूण रचनेला काही ठिकाणी 'निलंबन' असेही म्हटलेले आढळते. मराठी वाचकाच्या मनात तो शब्द सरकारी नोकराशी इतका घट्ट जोडलेला आहे, की या लेखात 'सस्पेन्शन' हाच शब्द योजला आहे.

धक्काशोषकाचे कार्य

धक्काशोषक म्हणजे तेलाने भरलेले बंद नळकांडे. त्यात एक दट्ट्या वरखाली सरकतो आणि दट्ट्यातील बारीक छिद्रे व झडपा यांमधून तेल जबरीने ढकलले जाते. या घर्षणामुळे आंदोलनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. खराब रस्त्यावरून बराच वेळ चाललेल्या गाडीचा धक्काशोषक हाताला गरम लागतो तो यामुळेच. उच्च दाबाच्या एकनळी प्रकारात तेलाच्या स्तंभामागे नायट्रोजन वायू भरलेला असतो. दाबाखालील तेलात फेस होत नाही आणि त्यामुळे शमनाची शक्ती टिकून राहते. या रचनेचा पाया फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी घातला आणि जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने तिचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला.

गाडीत एकाच वेळी दोन प्रकारची आंदोलने चालू असतात. स्प्रिंगवर तोललेला गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारणतः एक ते दीड वेळा हेलकावे घेतो, तर चाक व आस यांची थरथर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होते. सांगाडा आवरायचा तर धक्काशोषक कडक हवा. पण कडक धक्काशोषकामुळे रस्त्यावरचा प्रत्येक बारीक खड्डा चालकाच्या पाठीपर्यंत पोहोचतो आणि खडबडीत रस्त्यावर टायर क्षणभर जमीनही सोडतो. सैल धक्काशोषक आरामदायी असतो, पण वेगाने वळण घेताना गाडी कलते आणि ब्रेक लावताना तिचे नाक खाली झुकते. एकदाच ठरवलेल्या झडपांना या दोन गरजांमध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते. ती तडजोड प्रसंगानुसार बदलता यावी, या विचारातून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. जपानमध्ये टोयोटाने १९८३ मध्येच सोअरर या गाडीत असे धक्काशोषक दिले होते. कॉर्व्हेट त्या मानाने उशिरा या वाटेने गेली.

कॉर्व्हेटमधील तीन प्रणाली

या गाडीत एकामागून एक तीन वेगळ्या प्रणाली आल्या. जनरल मोटर्सच्या मागणी-संकेतांकांनीच त्या ओळखल्या जातात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती प्रणाली आहे हे निश्चित करणे अत्यावश्यक आहे, कारण तिन्हींचे धक्काशोषक व नियंत्रक एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिली प्रणाली 'एफएक्स३'. ती १९८९ ते १९९५ या काळात चौथ्या पिढीच्या गाड्यांवर मिळत असे आणि १९९० मध्ये आलेल्या झेडआर-१ या अधिक शक्तिशाली प्रकारात ती मुळातच समाविष्ट होती. यातील धक्काशोषक बिलस्टाइनचे होते. प्रत्येक धक्काशोषकाच्या माथ्यावर एक लहान विद्युत मोटर असून ती दांड्याच्या आतील झडप फिरवते. चालकाजवळील खटक्याला सौम्य, मध्यम व कडक अशा तीन स्थिती आहेत आणि प्रत्येक स्थितीत वेग वाढेल तसा संगणक कडकपणा टप्प्याटप्प्याने वाढवतो. या प्रणालीला गाडीचा वेग समजतो, परंतु रस्ता कसा आहे हे समजत नाही. आजच्या दृष्टीने हे तिचे अपुरेपण असले, तरी त्यामुळेच ती साधी आणि दुरुस्त करण्याजोगी राहिली आहे.

दुसरी प्रणाली 'एफ४५'. ती १९९६ मध्ये, म्हणजे चौथ्या पिढीच्या अखेरच्या वर्षी आली आणि पाचव्या पिढीत २००२ पर्यंत टिकली. हिच्यात प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक बसवलेला असून सांगाड्याच्या तुलनेत चाक किती वर वा खाली गेले आहे हे तो मोजतो. त्यानुसार नियंत्रक प्रत्येक धक्काशोषकातील विद्युत-झडप स्वतंत्रपणे उघडतो किंवा आवळतो. म्हणजे डावे चाक खड्ड्यात आणि उजवे सपाट रस्त्यावर असेल, तर दोन्हींना वेगवेगळी आज्ञा मिळते.

तिसरी 'एफ५५' ही प्रणाली २००३ च्या गाड्यांत, विशेषतः कॉर्व्हेटच्या पन्नासाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत आली. हिच्यात झडपाच नाहीत. तेलात लोहाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि दट्ट्यात तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रात हे कण साखळीसारखे रांगेत उभे राहतात आणि तेल क्षणार्धात घट्ट झाल्यासारखे वागते. अशा चुंबकसंवेदी द्रवाचा शोध अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील जेकब रॅबिनाऊ यांनी १९४० च्या दशकात लावला होता. मोटारीत तो येण्यास अर्धे शतक लागले. डेल्फाय कंपनीने विकसित केलेले हे धक्काशोषक २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये प्रथम आले, नंतर कॉर्व्हेटमध्ये, आणि पुढे ऑडी व फेरारी यांनीही ते स्वीकारले. कॉर्व्हेटच्या पुढील पिढ्यांतही हेच तंत्र चालू राहिले, त्यामुळे तिन्हींपैकी याच प्रकाराचे भाग आज तुलनेने सहज मिळतात.

बिघाडाची लक्षणे आणि निदान

झिजलेला धक्काशोषक एका दिवसात जात नाही. तो हळूहळू क्षीण होतो आणि चालक नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. यातच धोका आहे. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकाऐवजी दोन-तीन हेलकावे घेते, महामार्गावरील पुलांच्या सांध्यांवर तिचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो, टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसू लागते. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावावा लागला तर थांबण्याचे अंतर वाढते, कारण उसळणाऱ्या चाकाची पकड प्रत्येक उसळीगणिक कमी होते. कॉर्व्हेटसारख्या वेगवान गाडीत ही गोष्ट गंभीर आहे. नळकांड्यावर तेलाचा पुसट ओलावा असणे हा बिघाड नव्हे. तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल तर मात्र आतील सील गेले आहे, असे समजावे.

विद्युत बिघाडाची लक्षणे वेगळी असतात. 'एफएक्स३' प्रणालीत माथ्यावरील मोटरमधील प्लॅस्टिकचे दातेरी चाक कालांतराने तडकते. मोटर फिरते, झडप फिरत नाही, आणि तो धक्काशोषक शेवटच्या स्थितीत अडकून राहतो. एक चाक सौम्य स्थितीत आणि दुसरे कडक स्थितीत अडकले, तर गाडी एका वळणावर नीट व दुसऱ्यावर बेभरवशाची वागते. या दातेरी चाकाच्या जागी पितळेचे चाक बसवून अनेकांनी मोटरी पुन्हा चालू केल्या आहेत आणि खर्चाच्या मानाने हा उपाय उत्तम ठरतो. 'एफ५५' मध्ये विद्युतप्रवाह खंडित झाला तर द्रव पातळच राहतो, म्हणून गाडी अतिसौम्य होते. शमन पूर्णपणे नाहीसे होत नाही, परंतु जोराने चालवण्यास ती योग्य राहत नाही.

पाचव्या पिढीच्या गाड्यांत 'सर्व्हिस राइड कंट्रोल' आणि 'शॉक्स इनऑपरेटिव्ह' असे संदेश दिसतात. बिघाड गंभीर असल्यास त्यापाठोपाठ वेग ताशी ८० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटरपर्यंत, मर्यादित केल्याचा संदेश येतो. हे संदेश पाहताच चारही धक्काशोषक मागवणे ही घाई ठरते. चाकाजवळच्या संवेदकाला जोडणारी छोटी दांडी तिच्या सांध्यातून निसटली, तरीही हेच संदेश दिसतात आणि तिची दुरुस्ती धक्काशोषकांच्या किमतीच्या अल्पांशात होते. म्हणून प्रथम नियंत्रकाच्या स्मृतीतील दोष-संकेतांक वाचावेत. पाचव्या पिढीत त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. डॅशबोर्डवरील बटणे ठरावीक क्रमाने दाबल्यास ते पडद्यावर उमटतात. दोष एकाच चाकाचा आहे की सर्वांचा, हे त्यावरून कळते. सर्वांचा असल्यास धक्काशोषकांपेक्षा नियंत्रक, फ्यूज किंवा जमिनीची तार यांवर संशय घेणे अधिक सयुक्तिक होय.

बदलीचे पर्याय

पहिला पर्याय मूळ धक्काशोषकांची पुनर्बांधणी हा आहे. 'एफएक्स३' चे बिलस्टाइन धक्काशोषक उघडून नवे सील, नवे तेल व नवा वायू भरता येतो. धक्काशोषक अमेरिकेतील तज्ज्ञ कार्यशाळेकडे पाठवावे लागतात आणि ते परत येईपर्यंत गाडी उभी राहते, हाच काय तो त्रास. गाडीचे मूळ स्वरूप, चालकाचा खटका व संगणक हे सर्व पूर्ववत राहत असल्याने झेडआर-१ सारख्या गाड्यांसाठी हा मार्ग सर्वांत योग्य मानावा लागेल. 'एफ४५' मध्ये विद्युत-झडप धक्काशोषकाचाच भाग असल्याने हे काम अधिक नाजूक आहे.

दुसरा पर्याय त्याच प्रकारचे नवे धक्काशोषक आणणे. 'एफ५५' साठी तो व्यवहार्य आहे. 'एफ४५' चे न वापरलेले धक्काशोषक क्वचित जुन्या साठ्यातून विक्रीस येतात, पण वीस वर्षे खोक्यात पडून राहिलेल्या वस्तूचे रबरी सील खोक्यातच म्हातारे झालेले असते. 'नवे' या शब्दावर विसंबून मोठी किंमत देणे शहाणपणाचे नाही. मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले धक्काशोषक घेणे त्याहून जोखमीचे, कारण ते बहुधा तितकेच झिजलेले असतात.

तिसरा आणि व्यवहारात बराच रुळलेला पर्याय म्हणजे इलेक्ट्रॉनिक धक्काशोषक काढून साधे, स्थिर झडपांचे धक्काशोषक बसवणे. बिलस्टाइन, कोनी इत्यादी कंपन्या असे धक्काशोषक पुरवतात. पाचव्या पिढीच्या झेड०६ या प्रकारातून उतरवलेले धक्काशोषकही पुष्कळ जण वापरतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. धक्काशोषकाचा कडकपणा त्याच्या सोबतच्या स्प्रिंगला अनुरूप असावा लागतो. झेड०६ च्या स्प्रिंगा अधिक ताठ आहेत आणि तिचे धक्काशोषक त्यांच्यासाठी घडवलेले आहेत. मऊ स्प्रिंगांच्या गाडीवर ते बसवल्यास वळणावर गाडी घट्ट वाटते, पण खराब रस्त्यावर ती चरफडत चालते. शर्यतीच्या मैदानावर क्वचितच जाणाऱ्या मालकाला हा सौदा पुढे महाग वाटण्याची शक्यता असते. पुढच्या दोन चाकांना साधे आणि मागच्या दोघांना इलेक्ट्रॉनिक असे मिश्रण करू नये. गाडीचा तोल बिघडतो आणि नियंत्रकही स्वस्थ बसत नाही.

नियंत्रकाला उत्तर

साधे धक्काशोषक बसवल्यावर तारांची टोके मोकळी राहतात. नियंत्रक त्या तारांतून अल्प प्रवाह पाठवून पलीकडे वेटोळे आहे की नाही हे तपासत असतो. मोकळ्या तारेचा अर्थ तो 'धक्काशोषक निकामी' असा घेतो. त्यासाठी प्रत्येक तारेच्या टोकाला वेटोळ्याइतकाच रोध असलेला रेझिस्टर जोडतात. त्याला व्यापारात 'सिम्युलेटर' म्हणतात. प्रवाह वाहू लागला की रेझिस्टर तापतो, म्हणून तो सांगाड्याच्या धातूला घट्ट बसवावा लागतो. कापडी पट्टीने तारेच्या जुडग्यात गुंडाळून ठेवल्यास आजूबाजूचे आवरण वितळू शकते. चाकांचे संवेदक मात्र जागेवर व जोडलेले राहू द्यावेत, कारण नियंत्रक त्यांचीही चौकशी करतो. 'एफएक्स३' मध्ये काही जण मूळ मोटरी तारांसह बाजूला बांधून ठेवतात, त्यामुळे नियंत्रकाचे समाधान होते.

या युक्तीला एक बाजू अशीही आहे, की इशाऱ्याचा दिवा विझतो पण खटका निरर्थक होतो. गाडी पुढे विकताना ही गोष्ट ग्राहकाला सांगणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. तीन स्थितींचा खटका असलेल्या गाडीत प्रत्यक्षात एकच स्थिती आहे, हे त्याला डॅशबोर्डवरून कधीच कळणार नाही.

प्रत्यक्ष काम

कॉर्व्हेटच्या या पिढ्यांमध्ये धक्काशोषक बदलणे यांत्रिकदृष्ट्या बऱ्याच गाड्यांपेक्षा सोपे आहे. पुष्कळ मोटारींत धक्काशोषकाभोवती सर्पिल स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि ती सोडवणे धोक्याचे असते. चौथ्या ते सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये सर्पिल स्प्रिंगच नाही. पुढे व मागे काचतंतूंचा एकेक आडवा पाटा आहे. ट्रकच्या पाट्यांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना लगेच समजेल, फरक इतकाच की हा पाटा पोलादी नसून गाडीच्या रुंदीत आडवा बसवलेला असतो. त्यामुळे धक्काशोषक स्वतंत्रपणे निघतो व स्प्रिंग दाबण्याचे उपकरण लागत नाही. शिवाय धक्काशोषक चाकाची दिशा ठरवत नसल्याने केवळ त्याच्या बदलीमुळे चाकांची संरेखा बिघडत नाही.

गाडी उचलताना जॅक सांगाड्याच्या नेमलेल्या जागीच लावावा. काचतंतूच्या पाट्याखाली जॅक लावणे सर्वथा वर्ज्य आहे. त्यावर पडलेला ओरखडाही पुढे तडा जाण्याचे कारण ठरू शकतो. बाह्य पत्रे धातूचे नसल्याने कडेला दिलेला भार तेही सहन करत नाहीत. गाडी भक्कम आधारांवर ठेवून, चाक काढून, खालच्या भुजेला दुसऱ्या जॅकचा टेकू देतात, म्हणजे धक्काशोषक सुटताच ती भुजा पाट्याच्या जोराने खाली झेपावत नाही.

सर्वांत आधी विद्युत-जोडणी सोडवावी. इंजिनाच्या उष्णतेने आणि वयाने तिचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. खटका तुटला तर ती जोडणी पुन्हा कधी घट्ट बसत नाही. 'एफ५५' मध्ये प्रवाह दांड्याच्या पोकळीतूनच आत जातो, म्हणून तेथे जोडणीचे टोक मुरगळल्यास धक्काशोषकच वाया जातो. वरचा नट सोडवताना दांडाही सोबत फिरू लागतो. अशा वेळी दांड्याच्या टोकाची चौकट पान्याने धरावी, त्याच्या चकचकीत भागाला पक्कड लावू नये. तेथे पडलेला बारीक ओरखडा प्रत्येक हालचालीत सीलला घासतो आणि नवा धक्काशोषक काही महिन्यांत गळू लागतो. खालचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या दिवशी त्यांवर तेल सोडून ठेवणे हिताचे असते.

नवा धक्काशोषक बसवताना रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळण्यापूर्वी गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे लागते. चाक लोंबकळत असताना ते आवळले, तर जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. गॅरेजांत वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच पायरी वारंवार गाळली जाते. बदली निदान एका आसेवरच्या जोडीची करावी, शक्यतो चारही धक्काशोषकांची. पूर्ण झाल्यावर दोष-संकेतांक पुसून गाडी सावकाश चालवून पाहावी. संदेश परत आल्यास प्रथम जोडण्या तपासाव्यात.

इतर गाड्यांतील साम्य

फेरारी एफ३५५ मध्येही बिलस्टाइन धक्काशोषकांच्या माथ्यावर झडप फिरवणाऱ्या मोटरी आहेत आणि वयपरत्वे त्यांचेही बिघाड होतात. निस्सान ३००झेडएक्स टर्बो व मित्सुबिशी ३०००जीटी व्हीआर-४ या जपानी गाड्यांचे मालकही याच पेचातून जातात. जर्मनीत असे बदल करताना भागाला अधिकृत मान्यता असणे बंधनकारक आहे. भारतात या पिढ्यांच्या कॉर्व्हेट फारच विरळ आहेत. २०२० मध्ये आलेल्या आठव्या पिढीपूर्वी कारखान्याने उजव्या सुकाणूची कॉर्व्हेट बनवलीच नव्हती.

काढलेल्या भागांची व्यवस्था

अमेरिकेतील नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही १९७४ मध्ये स्थापन झालेली संस्था गाडी कारखान्यातून निघाली त्या स्थितीच्या किती जवळ आहे यावरून तिचे परीक्षण करते. त्यामुळे साधे धक्काशोषक बसवणारे अनेक मालकही मूळ धक्काशोषक, मोटरी व त्यांच्या जोडण्या कोणत्या चाकाच्या आहेत याची चिठ्ठी लावून कोरड्या जागी उभ्या ठेवतात. टाकून द्यायचे झाल्यास ते भंगारात तसेच देऊ नयेत. एकनळी धक्काशोषकात वायू उच्च दाबाखाली असतो. तो कापल्यास वा आगीत टाकल्यास नळकांडे फुटू शकते. वायू व तेल काढण्याची रीत निर्मात्याच्या पत्रकात दिलेली असते आणि ती डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच पाळायची असते.